कुत्र्याच्या तबकड्या

गेल्या वैशाखात कर्जतजवळील आमच्या जुन्या घराची निरवानिरव झाली. जमिनीचे तुकडे पाडून तेथे मुंबईकरांसाठी शनिवार-रविवारचे बंगले उठवणाऱ्या एका गृहस्थास घर विकले गेले, आणि आम्ही सहा भावंडांनी एका दुपारी घरातील चीजवस्तू वाटून घेतली. तांब्यापितळेची भांडी वजनावर वाटली गेली, झोपाळ्याच्या कड्यांवरून थोडी कुरबूर झाली, देव थोरल्यांकडे गेले. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तीत एकेचाळीस तबकड्या निघाल्या. त्यांवर मात्र कोणीही हक्क सांगितला नाही. "तू प्राध्यापक आहेस, तुझ्याकडे असू देत," असे म्हणून त्या माझ्या गळ्यात घालण्यात आल्या. प्राध्यापकाचे घर म्हणजे निरुपयोगी वस्तूंचे हक्काचे कोठार, हा समज आमच्या कुटुंबात फार जुना आहे. आणि माझ्या घराची स्थिती पाहता तो अगदीच निराधार आहे असे मलाही म्हणवत नाही.

ट्रंक घरी आणून उघडली तेव्हा प्रथम वास आला. ओल्या कागदाचा, कापराच्या गोळ्यांचा, आणि त्याखाली लाखेचा एक मंद, किंचित गोडसर वास. आमच्याकडील पाऊस मोठा कसोशीचा. चार महिन्यांत तो घरातील कोणतीही वस्तू तपासल्याशिवाय सोडीत नाही. तबकड्यांच्या तपकिरी पाकिटांवर त्याने नकाशे काढले होते, आणि मधल्या गोल कागदांवर बुरशीचे ठिपके उमटले होते. मऊ फडक्याने एकेक तबकडी पुशीत गेलो, तो बुरशीखालून एकामागून एक तोच कुत्रा वर येऊ लागला. कर्ण्यासमोर बसलेला, मान किंचित तिरपी केलेला, कान दिलेला.

कंपनीचे इंग्रजी नाव 'हिज मास्टर्स व्हॉइस' असे होते, पण आमच्या घरात ते कोणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. 'कुत्र्याची तबकडी' हेच तिचे नाव. आजीला हे चित्र मुळीच मान्य नव्हते. गाणे देवाचे असो की नाटकाचे, त्यावर कुत्रा बसलेला असल्यामुळे ते माजघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ शकत नाही, असा तिचा निवाडा होता. त्यामुळे आमचा ग्रामोफोन जन्मभर ओटीवरच राहिला, आणि आजीने जी काही गाणी ऐकली ती सारी दाराआडून ऐकली.

त्या कुत्र्याची हकीकत मी पुष्कळ वर्षांनी इंग्रजी पुस्तकांत वाचली. निपर हे त्याचे नाव. त्याचा धनी मार्क बॅरो १८८७ साली वारला आणि कुत्रा त्याच्या भावाकडे, फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराकडे, आला. कुत्रा १८९५ साली मेला. त्यानंतर काही वर्षांनी फ्रान्सिसने आठवणीने त्याचे चित्र काढले. मूळ चित्रात यंत्र होते एडिसनच्या पद्धतीचे, नळकांड्यावर चालणारे. ते विकले जाईना. १८९९ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने चित्र घेण्याची तयारी दाखवली, पण त्यातील यंत्र बदलून आपले घालावे अशी अट घातली. चित्रकाराने जुने यंत्र रंगाखाली झाकून त्यावर पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन रंगवला, आणि चित्र व त्याचे हक्क मिळून शंभर पौंडांस व्यवहार पुरा झाला. तिरप्या उजेडात पाहिले असता रंगाच्या पोटात ते पहिले यंत्र अजून दिसते असे सांगतात. तात्पर्य, जगातील या सर्वांत प्रसिद्ध श्रोत्याचा धनी मेलेला, तो स्वत: मेलेला, आणि ज्या यंत्राकडे तो कान देतो ते मागाहून आणून ठेवलेले! एवढ्या एका चित्रात त्या धंद्याचे मर्म आले आहे असे मला वाटते.

या कंपनीचा माणूस आपल्याकडे प्रथम आला तो १९०२ साली. फ्रेडरिक गायझबर्ग त्याचे नाव. पूर्वेकडील देशांतील आवाज टिपण्याच्या मोहिमेवर तो निघाला होता. नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्यास एका खोलीत कर्णा मांडून त्याने काम सुरू केले, आणि काही आठवड्यांत पाचशेंच्यावर तबकड्यांचे मेण खरडून घेतले. आमच्या संगीताचे त्यास ज्ञान नव्हते, आणि त्याची त्यास फारशी खंतही नव्हती. त्यास माल हवा होता. पण त्याच्या कर्ण्यासमोर गौहरजान येऊन उभी राहिली. दर खेपेस नवा पोशाख, नवे दागिने, हे त्याने आपल्या आठवणींत कौतुकाने नमूद केले आहे. विजेचा संबंध नव्हता. गाणाराने कर्ण्यात तोंड घालून ओरडायचे, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची, आणि मेणावर रेघ उमटायची. ते मेण आगबोटीने जर्मनीत हानोव्हर येथे जायचे. तेथे तबकड्या निघायच्या. तेथील कामगारांस कोणते गाणे कोणाचे हे कळावे कसे? म्हणून गाणे संपताच गवयाने आपले नाव सांगायचे असा रिवाज पडला. ठुमरीच्या शेवटच्या सुरावर गौहरजान इंग्रजीत आपले नाव ठणकावून सांगते, ते आजही ऐकावयास मिळते. ज्या काळी आपल्याकडे गाणाऱ्या बाईचे नाव चारचौघांत उच्चारणेही अशिष्ट मानीत, त्या काळी एका हमालीच्या सोयीसाठी ते जगभर ऐकू गेले, ही केवढी मौज!

लाख मात्र आपली. तबकडीचा मुख्य बंध म्हणजे लाख. तीत दगडाची भुकटी व काजळी मिसळून ते काळे, ठिसूळ ताट तयार होई. पळसावर, बोरीवर, कुसुमावर एक इवलासा किडा आपल्या अंगाभोवती जो राळेचा कोट विणतो तीच ही लाख. फाल्गुनात कर्जतचे डोंगर पळसाने पेटतात तेव्हा मला हे नेहमी आठवते. अर्थात धंद्याची लाख येई ती छोटा नागपूरच्या रानांतून, आमच्या डोंगरांतून नव्हे. येथून लाख जायची आणि गाणे होऊन परत यायची. हा द्राविडी प्राणायाम कंपनीस लवकरच महाग वाटू लागला, आणि १९०८ साली तिने कलकत्त्यास सियालदहजवळ स्वत:चा कारखाना काढला. पुढे वीस वर्षांनी तो डमडम येथे मोठ्या जागेत गेला. तेव्हापासून आमच्या ट्रंकेतील बहुतेक कुत्रे बंगालचे रहिवासी होत.

आजोबा कर्जत स्टेशनात कारकून होते. घाट चढण्यापूर्वी प्रत्येक गाडीस तेथे जादा इंजिन लावावे लागे, आणि त्या अवधीत पुण्यामुंबईकडची सारी वार्ता फलाटावर उतरे: वर्तमानपत्रे, नाटकांच्या जाहिराती, आणि क्वचित् खुद्द नाटकमंडळीही. बालगंधर्वांस आपण दुसऱ्या वर्गाच्या डब्याच्या खिडकीत पाहिले, हे आजोबा शपथेवर सांगत. त्यांनी प्रत्यक्ष नाटक मात्र आयुष्यात दोनच पाहिले. १९३५ च्या सुमारास त्यांनी मुंबईहून चावीचा ग्रामोफोन आणला, मांडीवर धरून, पॅसेंजरने. त्यांच्या एका पगाराहून त्याची किंमत अधिक होती. नेमकी किती, हे आजीला त्यांनी शेवटपर्यंत कळू दिले नाही.

चावीचा म्हणजे हाताने पीळ देण्याचा. आमच्या गावात वीज नव्हती. ही गोष्ट सांगताना आजोबांस एक निराळेच हसू येई. कारण घाटमाथ्यावरील तळ्यांचे पाणी जाडजूड नळांतून डोंगराखाली सोडून टाटांनी खोपोलीस १९१५ साली आणि भिवपुरीस १९२२ साली विजेची कारखानेवजा केंद्रे उभी केली होती. खालापूरकडचे खोपोली आणि कर्जतकडचे भिवपुरी, दोन्ही आमच्या उंबऱ्याशी. पण तेथली वीज तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांस जाई. आमच्या डोक्यावरून ती जात असता खाली आम्ही कंदिलाच्या उजेडात चावी फिरवीत असू. आमचे घर १९६० नंतर कधीतरी उजळले. तोवर तबकडीवरील गाणे हे आमच्या गावी पोचलेले एकमेव आधुनिक यंत्रसुख होते, आणि त्यास मनगटाखेरीज कशाचीही गरज नव्हती.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या आगेमागे, घरात रेडिओ होता, वीज होती. तरी आजोबांचा परिपाठ चालूच होता. संध्याकाळी परवचा झाला की ओटीवर ग्रामोफोन उघडायचा. सुई बदलण्याचे काम माझ्याकडे. प्रत्येक बाजूस नवी पोलादी सुई; सुयांच्या चपट्या डबीवरही तोच कुत्रा. एका बाजूस तीन मिनिटे, फार तर सव्वातीन. या तीन मिनिटांनी आमच्या घराचे कान घडवले. रंगभूमीवर जे पद 'वन्समोर' घेत घेत अर्धा तास चाले, ते येथे तीन मिनिटांत मुखडा, अंतरा, दोन ताना आणि समाप्ती असे आटोपशीर बसवलेले असे. आमची थोरली आत्या या तबकड्यांवर गाणे शिकली. तिला शिकवावयास गावात कोण होते? हिराबाई बडोदेकरांची तबकडी हीच तिची गुरू. पुढे तिला पाहावयास मंडळी आली तेव्हा तिने एक पद म्हटले आणि नेमक्या तीन मिनिटांनी, पाहुणे मान डोलवीत असतानाच, मध्येच तोडल्यासारखे थांबवले. "पुढे?" असे भावी सासऱ्यांनी विचारले. "पुढे दुसरी बाजू," असे ती म्हणाली. लग्न ठरले.

कंपनीचे हे कर्तृत्व मी कमी लेखीत नाही. १९३० नंतर तिच्या तबकड्यांतूनच मराठी भावगीत घराघरांत गेले. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता नागपूरच्या गोविंदराव जोशींनी गायिली आणि ती तबकडी महाराष्ट्रभर गाजली. हे वकिलीची सनद घेतलेले गृहस्थ १९३८ साली कंपनीच्या चाकरीत शिरले आणि तीन दशकांहून अधिक काळ मुंबईत ध्वनिमुद्रणाचे काम पाहत राहिले. 'स्वरगंगेच्या तीरी' या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात लहरी गवयांची मनधरणी करून त्यांस ध्वनिक्षेपकासमोर आणण्याच्या कथा आहेत. त्या वाचल्या म्हणजे केवळ नफ्यासाठी कोणी इतके सोसणार नाही अशी खात्री पटते. तथापि जोशी म्हणजे कंपनी नव्हे. कंपनी खपाकडे पाही. तिच्यापाशी स्पर्धेस उभे राहणारेही होऊन गेले. ट्रंकेत चार तबकड्या 'यंग इंडिया' छापाच्या निघाल्या. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ पासून वीसेक वर्षे हा स्वदेशी उद्योग चालवला. मोठे कलावंत मोठ्या कंपन्यांनी बांधून घेतलेले, म्हणून यांनी नव्या व हौशी गळ्यांस जागा दिली. आजोबांनी या चार तबकड्या देशभक्तीने घेतल्या असाव्यात, कारण त्या फारशा झिजलेल्या दिसत नाहीत.

आणि काही तबकड्यांवर कुत्रा नसून घुमट आहे, त्या ओडियनच्या. कुत्र्याचा अभिमान असल्यामुळे आजोबा त्यांस 'शत्रुपक्ष' म्हणत. वस्तुत: शत्रुपक्ष असा कोणी उरलाच नव्हता. ओडियनची मूळ जर्मन मालकी आधीच कोलंबिया कंपनीने घेतली होती, आणि १९३१ साली लंडनात कोलंबिया व ग्रामोफोन कंपनी यांचे लग्न लागून 'ईएमआय' जन्मास आली. कुत्रा आणि घुमट एकाच वाड्यात नांदत होते. आजोबांस हे कोणी सांगितले नाही ते बरेच झाले. त्यांच्या ओटीवरील एक रंगतदार झुंज नाहीशी झाली असती.

या घुमटाच्याच एका तबकडीशी माझा हिशेब आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी आयुष्याच्या अखेरच्या तीनचार वर्षांत ओडियनसाठी जे गाणे दिले, त्यातली 'जमुना के तीर' ही भैरवी. खाँसाहेब १९३७ साली गेले. ही तबकडी आजोबा रोज लावीत नसत, गुरुवारी, शेवटी. तीवर एक जुना ओरखडा होता. अंतऱ्यातील एका जागी सुई अडे आणि तोच स्वरसमूह पुन:पुन्हा येऊ लागे. मग आजोबा हाताच्या बोटाने यंत्राच्या मानेस हलकेच टिचकी मारीत आणि गाणे पुढे सरके. मी दहा वर्षांचा असताना एका दुपारी, मित्रास मोठेपणा दाखवण्यासाठी, ती पाकिटातून काढली आणि झोपाळ्यावर ठेवली. नंतर विटी-दांडूहून परत आलो आणि झोपाळ्यावर धपकन बसलो. तो आवाज मी अद्यापि विसरलेलो नाही. पापड मोडल्याचा आवाज होतो ना, तसा, फक्त एकदाच.

तुकडे मी विहिरीमागे पुरले आणि गुरुवारची वाट पाहू लागलो. गुरुवारी आजोबांनी पाकीट उघडले. रिकामे. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, म्हणजे त्यांस सर्व ठाऊक होते. क्षणभर ते बसून राहिले. मग मांडी घालून, डोळे मिटून, ती भैरवी स्वत:च म्हणू लागले. त्यांचा आवाज सामान्य होता, आणि वयाने कापरा झाला होता. तबकडीवर जेथे श्वास होता तेथे श्वास, जेथे तंबोऱ्याचा झंकार नुसताच होता तेथे थांबणे, अशी ती चालली होती. अंतऱ्यात ती जागा आली. आजोबा अडले. तोच स्वरसमूह त्यांनी पुन्हा म्हटला, पुन्हा म्हटला, तिसऱ्यांदा म्हटला; मग स्वत:च्या गुडघ्यावर बोटाने टिचकी मारली आणि पुढे गेले. मी रडू लागलो. मला कोणी रागे भरले नाही. आजी दाराआडून एवढेच म्हणाली, "जेवायला उठा आता."

आजोबा १९८४ साली गेले.

त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत या धंद्याचे रूप पार पालटले. १९४६ साली येथे नोंदली गेलेली ग्रामोफोन कंपनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यास विलायतेहून भारतीय मालकांकडे आली; पण त्याहून मोठा फरक कॅसेटने केला. स्वस्त कॅसेटी काढणाऱ्या नव्या मंडळींनी पाऊणशे वर्षांची मक्तेदारी बघता बघता मोडली. जिला कारखाना लागे, मेण लागे, लाख लागे, ती गोष्ट आता दोन बटणे दाबली की कोणासही करता येऊ लागली. गाणे टिपणेही सोपे झाले, आणि पुसणेही.

आमच्या काकांनी आखातातून एक टेप रेकॉर्डर आणला होता. १९८७ च्या श्रावणात माझी चुलत बहीण तो घेऊन आजीच्या मागे लागली. गणपती जवळ आले होते. मोदकांची पिठी आजी गिरणीवर कधीच देत नसे. धुऊन वाळवलेले तांदूळ ती स्वत: जात्यावर दळी, आणि दळताना ओव्या म्हणे. आजीचे माहेर खालापूरकडचे, महडच्या वरदविनायकाजवळचे. तिच्या ओव्यांत तो गणपती येई, माहेरची वाट येई, भाऊ येई, घाट चढताना धापा टाकणारी आगगाडी येई, आणि डोंगरावरून उतरणारे टाटांचे नळही येत. त्या नळांवरची ओवी तिला कोणी शिकवली असणे शक्य नाही. ती तिनेच रचली असली पाहिजे. बहिणीने पाऊण तास टिपून घेतले. आजीने ते यंत्र माजघरात येऊ दिले, कारण त्यावर कुत्रा नव्हता.

दोन वर्षांनी मी मुंबईस कॉलेजात होतो. एका मित्राकडे खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून काढलेली कॅसेट आढळली, आणि तीत 'जमुना के तीर'. माझे काय झाले असेल ते सांगावयास नको. नऊ वर्षांचे पाप धुण्याची ही संधी! सुट्टीत ती कॅसेट मागून गावी आणली. कोरी कॅसेट जवळ नव्हती. खणात एक होती, वर काहीच लिहिलेले नव्हते. मी तीच घातली आणि सबंध कॅसेट उतरवून घेतली. संध्याकाळी मोठ्या ऐटीत ओटीवर लावली. आजी दाराशी येऊन उभी राहिली. अंतऱ्यातील ती जागा आली, आणि गाणे न अडता सरळ पुढे निघून गेले. मला ते चुकल्यासारखे वाटले. आजीसही वाटले असावे. तिचे बोट पदरावर किंचित हलले.

बहीण दिवाळीस आली तेव्हा उलगडा झाला. ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही. आजीस मात्र या साऱ्या प्रकाराचे हसू आले. "अरे, त्यात काय एवढं? पुन्हा म्हणेन," असे ती म्हणाली. पण पुढल्या वर्षी तिचा खांदा धरला आणि पिठी गिरणीतून आली. जात्यावाचून तिला ओवी आठवेना. हाताला ओढ लागल्याशिवाय तोंडात शब्द येत नाहीत, असे तिचे म्हणणे. १९९१ साली ती गेली.

त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. जी तबकडी मी फोडली तिच्या हजारो जुळ्या बहिणी जगात होत्या. माझ्या पापाचे क्षालन करण्याची व्यवस्था कंपनीने माझ्या जन्माआधीच करून ठेवली होती. आजीच्या ओवीची दुसरी प्रत कोठेच नव्हती. कंपनीच्या यादीत जे आले नाही ते पुष्कळ आहे, आणि ते सारे एकाच कारणाने राहिले असे नाही. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. गायझबर्ग एका वर्षाने उशिरा आला. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते, पण त्यांचे गाणे आज कोणासच ऐकता येत नाही. अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत जगले, कर्णा जाऊन ध्वनिक्षेपक आला, पण त्यांनी आपले गाणे यंत्रास दिलेच नाही. तीन मिनिटांत बसणारी ती गायकी नव्हती, आणि ती वाटेल त्याच्या ओटीवर वाजावी हेही त्यांस रुचणारे नव्हते. उलट त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. त्याच वर्षी बाई वारल्या, आणि भैरवी अजून प्रवासात आहे. गुरूचा नकार मला जितका थोर वाटतो तितकाच शिष्येचा रुकार. पण नकार देण्यासाठीही कोणी विचारावयास यावे लागते. आमच्या डोंगरांतील ठाकरांस आणि कातकऱ्यांस विचारावयास कर्जत स्टेशनात कोणी कर्णा घेऊन उतरल्याचे आजोबांच्या पाहण्यात नव्हते, आणि त्यांच्या पाहण्यातून फारसे काही सुटत नसे. आजीस तर आम्हीच विचारले नाही. घाटावर, मुळशी-मावळात, गी पॉयट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी त्याच सुमारास गावोगाव हिंडून बायकांच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला होता; तो संग्रह आज एक लाखावर गेला आहे. आमच्या गावाहून मावळ म्हणजे फक्त घाटाची चढण!

कंपनी अद्याप आहे. २००० साली तिने नाव बदलून 'सारेगामा' असे घेतले, आणि २०१७ साली पाच हजार गाणी पोटात भरलेली एक पेटी काढली, जुन्या रेडिओसारखी दिसणारी. माझ्या मुलाने ती मला वाढदिवसास दिली. तिला चावी नाही, सुई नाही, तीन मिनिटांनी उठावे लागत नाही. मी ती रोज ऐकतो. उगाच जुन्याचे स्तोम माजवण्यात अर्थ नाही.

पण तबकड्या पुसून झाल्या त्या रात्री ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली, ती कॅसेटही सापडली. माझ्याच अक्षरात वर खाँसाहेबांचे नाव. शेजारच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून एक जुने यंत्र मागून आणले आणि लावली. फीत ताणली गेली आहे; खाँसाहेब मधूनमधून बुडतात आणि वर येतात. शेवटची भैरवी संपली. मी बटण दाबावयास हात पुढे केला, पण फीत अजून शिल्लक होती. माझ्या उतरवण्याहून ती थोडी लांब निघाली. खरखर झाली, आणि तिच्यातून जात्याची घरघर. पाळूचा एक फेरा, आणखी एक, मग मंदावत गेलेली. बहिणीचा आवाज, लांबून: "आजी, थांबलीस का? म्हण ना अजून."

"दळण संपलं की," आजी म्हणाली. "आता कसली ओवी?"